ताईची कवळी

कवळी बसेना म्हणून ताई तिसऱ्यांदा आली, तेव्हा धाकट्या भावाचं डोकंच फिरलं. कवळ्या करण्यात त्याचं नाव होतं. परक्यांच्या तोंडात त्याचे दात सुखानं नांदत होते, आणि सख्खी बहीण मात्र कुरकुरत होती!

"ताई, तुझ्या तोंडाला पुरं पडणं देवाच्या बापालाही जमायचं नाही," तो बाकावरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला. सगळे खो खो हसले. ताईही हसली, तोंडावर हात धरून.

मग त्यानं दुसरी कवळी करून दिली. नव्या मापाची, असं सांगितलं. कसलं नवं माप न् कसलं काय! फळीवरचा जुनाच प्लास्टरचा साचा काढला आणि त्यावर काम उरकलं. हिच्या नखऱ्यांपायी कोण पुन्हा खटाटोप करणार?

त्यानंतर ताईनं तक्रार केली नाही. कवळी डबीत ठेवून ती सगळं मऊ करून खाऊ लागली.

वर्ष उलटल्यावर भाचीच तिला ओढत घेऊन आली. "मामा, आईला जुने बूट होत नाहीत, अंगठी कापून काढावी लागली, आवाज घोगरा झालाय. एकदा नीट बघ ना."

त्यानं कपाळाला आठ्या घालत माप घ्यायला घेतलं. माप घ्यायचा नेहमीचा ट्रे जबड्यावर बसेना, मोठा घ्यावा लागला. प्लास्टर वाळल्यावर त्यानं नवा साचा फळीवरच्या जुन्या साच्याशेजारी ठेवला. खालचा जबडा चांगलाच वाढला होता. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यानं पुन्हा माप घेतलं. तेच! तो तसाच ताईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला.

"मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ आहे," तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही. पण वाढीचं हार्मोन जास्त तयार होतंय, म्हणून हाडं या वयातही वाढतायत. ऑपरेशन करू. वर्षभर आधी कळतं तर हृदयावर इतका ताण आला नसता."

ताईला भलतीच काळजी. "म्हणजे बाई, कवळीत खोट नव्हती ना?"

"कवळी काय करणार? जबडाच बदलत होता."

"बघा!" ताईचा चेहरा खुलला. "माझा भाऊ कामात चोख आहे हो. मीच मेली त्याच्या नावानं खडे फोडत होते."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, दुसऱ्या वेळी मी माप..." तो सांगू लागला.

"असू दे रे, तुझी काय चूक?" ताई हसली, आणि हसताना तिचा हात सवयीनं तोंडावर गेला.