फिकट आधी, काळा शेवटी

धरणानं तळ गाठला आणि चांगह्वा शहरात आठवड्यातले दोन दिवस नळ कोरडे राहू लागले. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे धाबे दणाणले.

वडिलांचा कारखाना आता यी-जेन चालवत होती. ऑर्डरी आणायचं काम थोरल्या भावाचं, मिंग-थांगचं. तो मागेल त्याला मागेल ती तारीख देऊन मोकळा व्हायचा. मग एकाच यंत्रात आज काळं कापड, लगेच फिकट पिवळं, त्यावर लाल. गडदानंतर फिकट लावायचं म्हणजे यंत्र पुन्हापुन्हा पाणी भरून, उकळून धुवायचं. रंगवण्यापेक्षा धुण्यातच पाणी जास्त जायचं.

"यापुढे फिकट आधी, मग गडद, काळा शेवटी," यी-जेननं सांगून टाकलं. "धुणं आठवड्यातून एकदा."

"गिऱ्हाइकं काय तुझ्या क्रमानं येणारेत? थोंगबाईंना पिवळं उद्या देतो म्हणून बसलोय मी."

"यंत्रात काळा चाललाय, दादा. त्यात आता पिवळं लावता येणार नाही."

"मग तूच सांग त्यांना."

"चल, आत्ताच."

थोंगबाई लहान मुलांचे कपडे शिवून परदेशी पाठवायच्या. त्यांनी चहा ओतला, पण कपाळावरची आठी तशीच.

"माझा माल बोटीवर चढायचाय. तुमच्या यंत्राचं मला काय सांगता?"

यी-जेननं मान खाली घातली नाही. "बाई, कापड कापायला कधी घेणार?"

बाई थबकल्या. "गुरुवारी. टेबल तोवर रिकामं नाही."

"मग उद्या कशाला हवंय?"

"तुझा भाऊ नेहमी उशीर करतो. म्हणून मीही तारीख अलीकडची सांगते."

मिंग-थांग कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"येत्या सोमवारी यंत्र धुतलं की पहिलं कापड तुमचं," यी-जेन म्हणाली. "बुधवारी पोचतं करते."

"त्याचा नाही, तुझा शब्द धरते."

परतल्यावर तिनं एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून तोच प्रश्न विचारला. बहुतेकांची घाई खोटीच निघाली. एक जुना व्यापारी मात्र रागावून कायमचा तुटला. तिला वाईट वाटलं, पण ठरवलेला क्रम तिनं मोडला नाही.

बुधवारी पिवळं कापड मिंग-थांगनं स्वतः पोचवलं. महिनाअखेरीस पाण्याचा वापर आधीच्या दोन तृतीयांशावर आला, आणि शेजारचे कारखाने थांबले तरी यांची यंत्रं फिरत राहिली.

एका दुपारी मिंग-थांग फोन हातानं झाकून तिच्या दाराशी आला.

"गडद निळा मागतायत. कधीचं सांगू?"

"कापणार कधी, ते विचारलंस?"

"विचारलं. शनिवारी."

"मग शुक्रवार सांग," ती म्हणाली.