कळमेश्वरची होकार देणारी माय

"वाकली! माय वाकली!" कळमेश्वरच्या त्या टिनाच्या मांडवात शे-दीडशे माणसं एकदम ओरडली.

मी इथल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. देवीच्या, म्हणजे मायच्या, मूर्तीच्या पायाशी आठ वर्षांची वेदिका पडली होती. ओठ कोरडे, श्वास भराभर. तिला चौथ्या वर्षापासून मधुमेह, रोज इन्सुलिन लागतं. आदल्या संध्याकाळपासून एकही इंजेक्शन नव्हतं. कारण इथं मांडव घालून बसलेल्या डोलनाथ महाराजांनी तिच्या बापाला, ऋषिकेशला, सांगितलं होतं, "फैसला मायच करन. तिनं मान वाकवली, तर सुई कायमची बंद!"

सकाळी आठला मायला हा सवाल घालून महाराजांनी त्या हातभर काळ्या मूर्तीवर नाणं वाजवून दाखवलं होतं. टणटण आवाज. "सांगा, दगड कधी वाकते का?" आणि मे महिन्याच्या भर दुपारी, पितळी मुकुटासकट, मान चार बोटं खाली आली होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही हबकले.

"ऋषिकेशभाऊ, पोरगी हातची जाईल. बाहेर गाडी उभी आहे."

"मायनं हो म्हटलं, प्रीतीताई. तुमी आता मधात येऊ नका." तो लेकीच्या आडवा उभा राहिला. डोळे भरलेले. माणूस वाईट नव्हता. चार वर्षं पोटच्या पोरीला स्वतःच्या हातानं सुई टोचून तो थकला होता, आणि त्या थकव्यावर महाराजांनी बरोबर बोट ठेवलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून आमच्या गावच्या इंदुताई उठल्या. चांदीच्या पत्र्यावर देवाचे टाक ठोकण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी वाकून मूर्तीचा वास घेतला.

"महाराज, मले बी एक इचारायचं हाय."

"इचार ना वं! माय कोणालेच नाही म्हणत नाही."

"माय, हा महाराज लबाड हाय का?"

महाराज घाईनं मूर्तीवर शाल टाकायला धावले. "पापी सवालाले माय जवाब देत नसते!"

"शाल नका टाकू," ऋषिकेश म्हणाला. "पाहू द्या."

मी वेदिकाचे श्वास मोजत राहिले. मला तिला उचलून पळावंसं वाटत होतं. पाच मिनिटं गेली. मुकुट सरकला, मान आणखी झुकली आणि हनुवटी छातीला टेकली. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आता कोणता होकार खरा धरतं गा, ऋषी?" इंदुताईंनी विचारलं. "हे दगड नाही, राळ हाय, वासावरूनच वळखलं. राळ म्हंजे झाडाचा वाळलेला चीक, त्यात विटेचा चुरा, तेल. टाक ठोकताना पत्र्याखाली आमी हेच घालतो. थंड असली का टणक. जोरात आपटली तर काचेवानी फुटन. ऊन लागलं का नरम पडते, अन् ओझ्याखाली हळूहळू वाकते."

बर्फाचं ठरलेल्या गरमीला पाणी होतं. राळेचं तसं नसतं. तिचे कण मुळात रांगेत बसलेले नसतात, त्यामुळे ती एकदम वितळत नाही, गरमी वाढेल तशी सैल होत जाते. म्हणून मूर्ती ओघळली नाही, नुसती वाकली. मान बारीक, मुकुट जड, वर तापलेलं टिन. सकाळच्या प्रश्नाला महाराज दुपारीच का उत्तर मागत, ते आता पोराटोरांनाही कळलं. प्रश्न कोणताही असो, उन्हात ती मान वाकणारच होती. महाराज मागच्या कनातीतून केव्हाच सटकले होते.

ऋषिकेशनं वेदिकाला स्वतः उचललं आणि गाडीकडे धावला. नागपूरच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन लागलं. पोरगी वाचली. अजून दोन तास गेले असते तर ती वाचली नसती.

मला हात जोडून एवढंच सांगायचंय. कोणी देवाचा होकार दाखवला, तर आधी विचारा, नकार असता तर तो कसा दिसला असता? याचं उत्तर मिळेपर्यंत लेकराचं औषध बंद करू नका.