ठाण्यातून आलेला बाक

मी एक बाक बोलतोय. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयात असतो. हे कार्यालय पोलिसांपासून स्वतंत्र आहे, असं दारावरची पाटी सांगते. पण ते थाटताना सामान कुठून आणायचं, हा प्रश्न पडला आणि पोलीस ठाण्याच्या अडगळीतून टेबलं, खुर्च्या आल्या. त्यांच्याबरोबर मीही आलो. वरून हिरवा रंग फासला, की झालो मी स्वतंत्र!

माझे तीन पाय लाकडी. चौथा मोडला, तेव्हा ठाण्यात तिथे लोखंडी नळी ठोकली. त्या नळीला बेडी अडकवून माणसं बसवून ठेवायचे. बेडी ओढून ओढून नळीला खाच पडलीय.

एका शिंप्याला चोर समजून असंच बांधलं होतं. हात मोडेपर्यंत मारलं. तो कळवळला, की मी हादरायचो. दुसरं काय करणार?

परवा त्याची आई सुनावणीला आली.

"बसा, मावशी," शिपाई म्हणाला.

"या बाकावर? मेले तरी नाही बसणार."

"का हो, ढेकूण दिसला की काय?"

मावशी मटकन खाली बसल्या आणि माझी नळी चाचपू लागल्या. "साहेब, माझ्या लेकाला इथेच बांधलं होतं! डबा घेऊन गेले तेव्हा या डोळ्यांनी पाहिलंय. पोलीस म्हणतात, तो ठाण्यात आलाच नव्हता. मग मी हा बाक कसा ओळखला? ही खाच बघा!"

सुनावणी घेणारे साहेब तसे भले माणूस. त्यांना गलबलून आलं. "अरे, यांना त्रास होतोय. बाक बाहेर न्या, चांगली खुर्ची द्या."

"खुर्ची कुणाला हवीय? खाचेचं लिहून घ्या!"

"चौकशी सोपवलीय ना, मावशी."

"कुणाकडे?"

साहेब चष्मा पुसू लागले. "त्याच ठाण्याकडे. आमच्याकडे तपासाला माणसं कुठायत?"

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र दोघांनी उचलून मागच्या व्हरांड्यात टाकलं. माझा नुसता जळफळाट झाला. सगळ्यांनी मला पाहिलं, पण मावशींखेरीज वाकून ती खाच कुणीच पाहिली नाही.

साहेबांनी उद्या सुतार बोलावलाय. नळी काढून छान लाकडी पाय बसवणार आहेत, पुन्हा कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. तो शिंपी अजून सुईत दोरा ओवू शकत नाही, आणि दुरुस्ती चाललीय माझी!

इकडून जाणाऱ्यांनो, कुणीतरी आत जाऊन सांगा हो. मला दुरुस्त करू नका. आहे तसा, मोडका, सुनावणीच्या खोलीत न्या.