किरकोळ बदल

या, जरा जवळ सरकून बसा. पूर्वरंग लांबवत नाही, सरळ आख्यानालाच हात घालू. गोष्ट एका बोटाची आहे.

तपासनिसाने कागद सिस्टरपुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे पेन टेकवून दाखवलं. इस्पितळातल्या त्या अरुंद खोलीत दोनच खुर्च्या. एकीवर सिस्टर, दुसरीवर तिची पिशवी. पिशवी तिने उचलली नाही, म्हणून तो उभाच होता.

कागदावर कारणाच्या रकान्यात दोन शब्द आधीच छापलेले होते: मानवी चूक. खाली, ‘संबंधित व्यक्ती’च्या पुढे, सिस्टरचं नाव. सही झाली की तिचा परवाना जाणार, बावीस वर्षांची नोकरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

यंत्र तपासनिसाच्याच कंपनीचं. अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ते नळीतून औषध सोडायचं. औषध संपलं की पडद्यावर दोन चौकोन येत, ‘थांबवा’ आणि ‘पुन्हा द्या’. त्या सोमवारी भरदुपारी सिस्टरने नेहमीच्या जागी बोट ठेवलं, औषध दुसऱ्यांदा गेलं, आणि म्हाताऱ्याने संध्याकाळ पाहिली नाही.

“तीन वर्षं ‘थांबवा’ उजवीकडे होतं, साहेब. त्या दिवशी ते डावीकडे गेलं.”

सूचना पाठवली होती, असं तो म्हणाला. कुठे, तिने विचारलं. इस्पितळाच्या ईमेलवर.

“आम्हा चौदा जणींत एक संगणक. आणि त्यावर मेट्रनबाई पत्ते खेळतात.”

ती हसली नाही. त्यालाही हसू आलं नाही. सूचना त्यानेच लिहिली होती. एकेचाळीस ओळींची, चौकोनांची अदलाबदल सदतिसाव्या ओळीत, ‘किरकोळ बदल’ या मथळ्याखाली. कंपनीची सगळी यंत्रं एकसारखी दिसावीत म्हणून वरून फर्मान आलं होतं, आणि मंजुरीची सही त्याची होती. ती सही कुणी काढून पाहिली नाही. उलट चौकशी त्याच्याकडेच दिली. चोराच्या हाती किल्ल्या देतात, त्यातला प्रकार.

सिस्टर मग म्हाताऱ्याबद्दलच बोलत राहिली. वॉर्डात सगळ्या त्यांना घड्याळवाले काका म्हणायच्या. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून रोज तिला टोचायचे, ‘बाई, तुमच्या इस्पितळात मरणसुद्धा उशिरा येईल’ म्हणायचे. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते आधी हाताला कळतं, डोक्याला मागाहून, हेही त्यांचंच.

“उद्या या,” ती शेवटी म्हणाली. “करते सही. भांडायचं त्राण नाही उरलं.”

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. दार उघडून त्याने डावीकडे हात नेला. हात कोऱ्या भिंतीवर आपटला. महिन्यापूर्वी घराला रंग देताना बायकोने कपाटासाठी दिव्याचं बटण उजवीकडे नेलं होतं.

“महिना झाला, अजून भिंत चाचपताय,” ती आतून म्हणाली. “नव्या रंगाची पार रया घालवलीत.”

तिने येऊन दिवा लावला. भिंतीवर बोटांचे मळकट डाग होते. त्याच्या उंचीवर, त्याहून खाली, आणि अगदी खाली, लेकीच्या हाताएवढे.

“हे तुझे?”

“माझेच. बटण मीच हलवलं तरी हात जातोच की. त्या बिचाऱ्याला काय कळतंय.”

ती कणीक मळायला गेली. तो पायात बूट तसेच ठेवून भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पेन काढूनच बसली होती. “कुठे करायची?”

त्याने कागद पुढे ठेवला. कारण तेच होतं, मानवी चूक. तिने पेन टेकवलं, आणि खालची ओळ वाचून उचललं. सोबत एकेचाळीस ओळींची ती सूचना जोडलेली होती. सदतिसाव्या ओळीखाली रेघ मारलेली.

“हे तर तुमचं नाव आहे.”

“हो. तुमची सही फक्त साक्षीदार म्हणून हवी.”

तिने कागद पुन्हा वरपासून वाचला.

“घरी सांगितलंत?”

त्याने नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला कळलं नाही. तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बसा,” ती म्हणाली.

पुढे त्याचं काय झालं ते मला विचारू नका. एवढं मात्र सांगते: त्या कागदावर यंत्राच्या क्रमांकाला रकाना होता, कारणाला होता, साक्षीदारालाही होता. गेलेल्या माणसाला ‘खाट अकरा’ याहून जास्त जागा नव्हती. तेव्हा कधी एखादं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं, तर ते पुढे करण्याआधी घड्याळवाल्या काकांची आठवण काढा.