आरितिताचं मागणं

आरितिता रिकाम्या हाताने बहिणीकडे निघाली, तेव्हाच शेजारीण काय ते समजली. एरवी कुणाकडे जाताना आरितिताच्या हातात मासा, निदान नीरफणसाची फोड तरी असायचीच. आज काहीच नाही, म्हणजे बाई मागायला निघाली.

किरिबातीच्या त्या बेटावर अशा मागण्याला बुबुती म्हणतात. समोर बसून कुणी बुबुती केली आणि आपण नाही म्हटलं, की गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आरितिताकडे तर लोक हक्काने मागत. पातेली गेली, डुकराची पिल्लं गेली, नवऱ्याची सायकल तो वारला त्याच महिन्यात गेली. चटया विणून पोट भरणारी बाई, पण हातचं राखून देणं काही तिला जमलं नाही. मागून तर बघा, सावलीसुद्धा काढून देईल, असं लोक हसून म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने, मारेताने, जिची कूस उजवली नव्हती तिने, आरितिताच्या मांडीवरची आठ महिन्यांची पोर मागितली. आरितिताने दिली.

पोर काही लांब गेली नाही. चार माड ओलांडले की मारेताचं घर. पण म्हणूनच तर जास्त लागायचं. तिकडून पोरीची, तेकिनाची, "आई" अशी हाक यायची आणि चटई विणता विणता आरितिताचे हात थांबायचे. हाक मारेताला असायची. आरितिता मावशी होती. खरं काय ते गावाला ठाऊक होतं, तेकिनालाही ठाऊक होतं, पण एकदा दिल्यावर त्याचं नाव काढायचं नाही, अशी तिथली रीत.

आज तेकिना न्यूझीलंडला चालली होती, तिथल्या म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या नोकरीवर. दुपारचं विमान होतं. आरितिताने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आज ती एकच मागणार होती, पोरीला धाडू नकोस, माझ्याजवळ राहू दे. मारेताला नाही म्हणता येणार नव्हतं.

मारेता बॅगेची चेन लावत होती. धाकटीचे रिकामे हात दिसले आणि तिचा चेहरा उतरला. तिने चटई अंथरली, माडाचा गोड रस पुढे केला, वाऱ्याच्या, विमानाच्या गोष्टी काढल्या. त्याही संपल्या. मग ती म्हणाली, "काय मागायला आलीस ते कळतंय मला. माग. मी नाही म्हणायची नाही."

तेकिना न्हाऊन दारात केस पुसत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आरितिताने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या हातांकडे. त्यांनी पोरीच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता. बावीस वर्षांपूर्वी आपणही पोरीचं दुपटं असंच धरून ठेवलं होतं, हे तिला आठवलं आणि ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. मेली देण्याची खोड, मागायला बसलं तरी सुटत नाही!

"ताई, तिची वेणी आज मी घालू?"

मारेताला आधी उमगलंच नाही. मग तिने डोळे पुसत कंगवा आणि तेलाची बाटली पुढे सरकवली. तेकिना मावशीसमोर येऊन बसली. केस दाट होते, थेट बापासारखे. लेकीच्या वेणीला आरितिताचा हात आज पहिल्यांदा लागत होता, आणि हे आपण आधीच का नाही मागितलं, असं तिला राहून राहून वाटत होतं.

"मावशी, तुझा हात किती हलका आहे," तेकिना म्हणाली. "आई नुसती ओढते."

आरितिता हसली. तिने पुढचा पेड हातात घेतला.

बाहेर ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर भोंग्यावर भोंगा वाजवू लागला, विमान काय तुमच्या आज्याचं आहे का, म्हणून ओरडू लागला. मारेता उठून दाराशी गेली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"थांब जरा. पोरीची आई वेणी घालतेय."

आरितिताचे हात थांबले. वेणी शेवटच्या पेडापर्यंत आली होती. तिने ती हलकेच सोडली, कंगवा उचलला आणि पुन्हा वरपासून विंचरायला घेतलं.