दम घे

हिरवा दिवा लागला आणि तेजराम लांजेवारने टेबलावर थाप मारली. “लागला! ललिता, लागला! लवकर ये!”

कणकेनं भरलेले हात घेऊन त्याची बायको ललिता धावत आली, तोवर दिवा विझला होता.

“कुठं लागला?”

“आत्ता होता ना!”

“सकाळपासून आत्ता होता, आत्ता होता करून राहिले. चौथ्यांदा धावली मी. आता लागला की विझू देऊ नका, मंग बोलवा मले.”

भिलाईच्या कोहका भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं होतं. मधोमध उघडा संगणक आणि त्यात बावीस वर्षांचं नेटवर्क कार्ड; हिरवा दिवा त्याचाच. नंदिनी गावाकडच्या एका खासगी गिट्टीखदानीत तेजराम वजनकाट्याचा संगणक सांभाळायचा आणि तिथं याच जातीचं कार्ड होतं. कार्ड बिचारं तेच राहतं, पण संगणकाच्या पोटातलं कर्नेल, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्रॅम, दर दोन महिन्यांनी नवं येतं आणि जुन्या कार्डाशी बोलेनासं होतं. दोघांमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. त्याला दरवेळी नव्या चालीरीती शिकवायचं काम तेजराम अकरा वर्षं करत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

ड्रायव्हर लिहिला होता त्याच्या उस्तादांनी, रेल्वेच्या टेलिकॉम खात्यातल्या शालिकराम हटवारांनी. जगभर जाणाऱ्या त्या कर्नेलमधल्या एका फाईलच्या माथ्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: शालिकराम हटवार, भिलाई. उस्ताद चार वर्षांपूर्वी गेले. नाव राहिलं.

आणि आता तेही जाणार होतं. कुठल्याशा थंड देशातून, कर्नेलच्या त्या भागाची देखरेख करणाऱ्या माणसाचं पत्र आलं होतं. हे कार्ड आता कुणी वापरताना दिसत नाही. रविवारपर्यंत नव्या कर्नेलवर कुणी चालवून दाखवलं नाही तर फाईल काढून टाकू. आज तो रविवार होता. तेजरामला पत्राचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अंगात वारंही शिरलं. कुणी वापरत नाही म्हणे! मग मी काय माशा मारून राहिलो?

पण दिवा टिकत नव्हता.

संशय फाईलमधल्या एका जागेवर होता. उस्तादांनी तिथं ड्रायव्हरला वीसपर्यंत नुसतं मोजायला लावलं होतं, बाकी काही नाही. शेजारी मोठ्या अक्षरांत शेरा होता: DAM GHE. कार्डानं थेट मेमरीत माहिती टाकायच्या पद्धतीला DMA म्हणतात. उस्तादांच्या हातून अक्षरं मागंपुढं झाली असं तेजराम अकरा वर्षं समजत आला होता, आणि गुरूची चूक कशी काढायची म्हणून गप्प होता. आज त्यानं त्या DMA मागं अख्खी सकाळ घालवली. GHE चं काय करायचं ते मात्र त्याला कळलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून ललिता जिन्यात ओरडली, “अवो काकू, कावून आल्या तुमी उन्हाच्या? बसा तिथंच पायरीवर! दम घ्या! दम घ्या!”

तेजरामचा हात कीबोर्डवरच थांबला.

दम घे.

इंग्रजी फाईलमध्ये मराठी शोधायचं कुणाला सुचतं? तो अनवाणीच खाली पळाला. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर उस्तादांची बायको, सत्यभामाकाकू, धापा टाकत बसली होती. नाव जाणार हे त्यानंच सकाळी फोनवर सांगितलं होतं, म्हणून दुर्गहून ऑटोनं आली होती.

“काकू, उस्ताद कोणाले म्हणत, दम घे म्हणून?”

“मले. दुसऱ्या कोणाले?” काकू धापेतच हसली. “माहा दमा जुना. जिन्यात म्हणत, दम घे. अन् स्वतः उभे राहून वीस मोजत. त्याच्याआधी पाय उचलू देत नोहते.”

“वीस!” असं किंचाळून तेजराम तिला तिथंच सोडून वर पळाला.

सगळं लख्ख दिसत होतं. कार्ड नव्यानं सुरू केलं की त्याला क्षणभर धाप लागते. उस्तादांनी त्याला थांबायला वेळ दिला होता. पण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर मोठा कामसू. नुसतं मोजणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं समजून तो ती ओळ परस्पर उडवत होता. तेजरामनं मोजणं काढून कर्नेलचीच रीतसर सूचना घातली: वीस मिलिसेकंद थांब. शेऱ्याला हात लावला नाही.

दिवा लागला. ललिता आली, तरी लागलेलाच होता. ती बघत उभी राहिली आणि कार्डावरून निरोप जाऊ-येऊ लागले, एकही न हरवता.

“चालून राहिलं!” तेजराम नाचायचाच बाकी होता. त्यानं दुरुस्ती आणि चाचणीचा निकाल पाठवून दिला.

“अन् काकू?” ललितानं विचारलं.

तो पुन्हा पळाला. काकू त्याच पायरीवर होती. “माहे वीस कधीच झाले, तेजराम,” ती म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून तो तिला वर नेऊ लागला. अर्ध्या जिन्यात खिशातला फोन वाजला. त्या थंड देशातल्या माणसालाही रविवारी दुसरा उद्योग नसावा. त्याचं उत्तर आलं होतं: फाईल राहणार. खाली एक प्रश्न होता: DAM GHE म्हणजे काय? लिहिताना चूक झाली असेल तर सुधारतो.

तेजरामनं मराठी करून सांगितलं. काकूला बोलायला श्वास पुरत नव्हता. तिनं फक्त मान हलवली: नाही.

“नाही सुधारू देत,” तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. “दम घ्या, काकू.”

तिच्या शेजारी उभा राहून तो मोजू लागला. चार वर्षांत तिच्यासाठी कुणी मोजलं नव्हतं. काकूनं कठडा घट्ट धरला आणि पदरानं डोळे टिपले. पंधरालाच ती म्हणाली, “चाल आता.”

“अजून पाच आहेत,” तेजराम म्हणाला.