उघडायचा आदेश

"पत्र वाचायला घेतलंस तर शेवटपातूर वाच, नेमू. ऐकणाऱ्याला काय झेपतंय, काय न्हाय, ते आपण ठरवायचं न्हाय."

नेमगोंडाचे वडील, आप्पा, पोस्टात होते. ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं ते ओट्यावर बसून वाचून दाखवत. ते जाऊन वीस वर्षं झाली, तरी बस्तीतला, म्हणजे गावच्या जैन मंदिरातला, माईक हातात घेतला की नेमगोंडाला त्यांचा आवाज ऐकू येई.

करोनाचं पहिलं वर्ष होतं. तो काळ आपण सगळेच भोगून बसलो आहोत. कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या या गावात सरकारी आदेश नेमगोंडाच्या फोनवर यायचे. आदेश कन्नडमध्ये आणि गावातली निम्मी माणसं मराठीशिवाय काही न समजणारी. म्हणून रोज सकाळी आठ वाजता, देवाची आरती झाली की, तो बस्तीच्या भोंग्यावरून आदेश मराठीत सांगे. दुकान किती वेळ उघडायचं, लग्नाला किती माणसं बोलवायची, परराज्यातून आलेल्याला शाळेत किती दिवस ठेवायचं. परराज्य म्हणजे तरी कुठलं? नाक्यापलीकडचं, महाराष्ट्रातलं कागल! माळावर उभं राहिलं की तिकडचा ऊस दिसायचा. गावच्या निम्म्या लेकी तिकडेच दिलेल्या.

गावच्या कमिटीनं वेशीवर बाभळीची झुडपं तोडून आडवी टाकली होती. नेमगोंडा कमिटीत होता. त्याची बायको पूर्णिमा दम्याची. शेजारच्या गावात एक माणूस गेल्याचं कळल्यापासून ती नुसती खोकली तरी तो रात्री उठून बसायचा. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं. नेमगोंडाची चुलत बहीण कमलाक्का गावातच दिलेली, आता विधवा. सहासष्ट वर्षांच्या आक्कानं दहा दिवसांचे उपवास धरले, दिवसातून एकदा गरम पाणी तेवढं. अकराव्या दिवशीचं पारणं तिची लेक त्रिशला करवायची. दरवर्षी ती कागलकडच्या सासरहून मुगाचं पाणी घेऊन यायची आणि पहिला घोट आपल्या हातानं आईला पाजायची.

पर्वाच्या दुसऱ्याच दिवशी नवा आदेश आला. आता पास नको, हातावर शिक्का नको, शाळेत राहणं नको. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवू नये.

नेमगोंडानं तो तीनदा वाचला आणि कमिटीच्या भरमाला दाखवला.

"हे भोंग्यावर सांगितलास तर उद्या अख्खी मुंबय गावात उतरंल," भरमा म्हणाला. "पंधरा दिवस गप बस की. कोण इचारतंय?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता भोंग्यावरून आवाज आला, "नियम होते तसेच आहेत."

दुपारी आक्का दाराशी आली. चार पावलं चालूनही दम लागला होता. "नेमू, त्रिशलाला येऊ देतील काय रं?"

"न्हाय गं आक्का. सरकार सोडत न्हाय. आली तर चौदा दिवस शाळेत ठेवायला लागंल."

आक्का माघारी वळली. "मग नको. माझ्या एकटीपायी नियम कशाला मोडायचा?" तिनं स्वतःच लेकीला फोन करून सांगितलं, येऊ नको.

त्रिशलाच्या घरी मात्र टीव्ही होता. नाका उघडल्याचं तिला कळलं होतं. पारण्याच्या सकाळी आईला न कळवताच ती नवऱ्याच्या गाडीवरून निघाली. नाक्यावर कुणी अडवलं नाही. अडवलं ते माहेरच्या वेशीवर!

"थांब, थांब! परदेशी पावणी आली," भरमा हसला. बाकीचेही हसले.

"भरमाकाका, चेष्टा नको. आई दहा दिवसांची उपाशी हाय." तिनं फोन पुढे केला. "हे बघा, सरकारनंच उघडलंय."

"ते सरकारचं. ह्यो गावचा रस्ता हाय."

तेवढ्यात तिला काट्यापलीकडे उभा नेमगोंडा दिसला. "मामा, ह्यो कागद तुमच्या फोनवर आला न्हाय व्हय?"

"आलाय... पर कमिटीचं असं ठरलंय की..."

"मग आईला का सांगितलासा, सरकार सोडत न्हाय म्हणून?"

नेमगोंडा भरमाकडे बघू लागला. तिनं मुगाच्या पाण्याचा डबा काट्यावरून पुढे धरला. "मी येत न्हाय. एवढं तरी न्या."

डबा घ्यायला एकही हात पुढे आला नाही. नेमगोंडाचा हात उचलला गेला आणि पूर्णिमाचा खोकला आठवून तसाच खाली गेला. त्रिशलानं डबा मातीत ठेवला आणि मागे न बघता गाडीवर बसली.

आक्काचं पारणं पूर्णिमानं करवलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला आणि आक्काला सगळं कळलं. लेक म्हणाली, "आई, तुला भेटायचं तर तूच हिकडं ये. त्या वेशीत मी पाय ठेवणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भिंतीचा आधार घेत नेमगोंडाच्या पुढच्या सोप्यात येऊन बसली. तो तिच्या पायाशी बसला.

"आक्का, मी भ्यालो गं. हिचा दमा..."

"भ्यालास म्हणून मी रागावत न्हाय. मी पण भ्याले. पर भीतीला सरकारचं नाव का दिलंस? बंद करायचा आदेश मोठ्यानं वाचलास. उघडायचा खिशात घातलास. आम्हांला कन्नड वाचता येत न्हाय, म्हणून तुझ्या तोंडाकडं बघून नियम पाळले रं! आणि माझ्याच तोंडानं माझ्या पोरीला येऊ नको म्हणवलंस."

"चुकलो आक्का."

"खोटं तू बोललास, पर ते तिच्यापातूर मी पोचवलं. त्याचं प्रायश्चित्त मला." आक्कानं हात जोडले. आवाज जरासुद्धा चढला नाही. "त्रिशला माझ्या दारात येईपातूर मीठ, दूध आणि तूप सोडलं."

"वन्सं, असं नका करू! अंगात रक्त न्हाय तुमच्या," पूर्णिमा कळवळून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "माझ्या दम्याचं नाव सांगून हे केलासा? मला इचारलासा तरी काय?"

नेमगोंडाला वर बघवेना. "आक्का, तिला मी आणतो. शब्द देतो."

"शब्द मला नको. गावाला खरं सांग आणि मग जा."

आठ वाजले होते. नेमगोंडा बस्तीत गेला. माईक सुरू केला. त्यानं दहा दिवसांपूर्वीचा आदेश पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तारखेसकट. मग म्हणाला, "हा आदेश मी लपवला. नियम होते तसेच आहेत असं मी ह्याच माईकवर खोटं सांगितलं. कुणाची लेक, कुणाची आई माझ्यामुळं वेशीवरनं परत गेली असंल तर ते पाप माझं हाय."

मग वेगवेगळ्या घरांतून बायका बाहेर आल्या. एकीची बहीण बाळंत होऊन एकटी पडली होती. एकीचा बाप पलीकडे वारला होता आणि ती पोचली नव्हती. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतीच रडली. "लई शहाणा झालास," भरमा म्हणाला, "आता रोग आला तर तुझ्या दारात आणून घालतो!" माफ मात्र कुणी केलं नाही. करावं तरी का?

वाचकहो, तोंड बांधायचं, अंतर ठेवायचं, ते नियम खरेच होते आणि त्यांनी माणसं वाचवली. पण नियम माणसाला जपण्यासाठी असतो. बंदीचा शब्द जेवढ्या तातडीनं आपण पाळतो, तेवढ्याच तातडीनं सवलतीचा शब्दही लोकांपर्यंत पोचवायला हवा. आपल्या भीतीला नियम म्हणणं ही हिंसाच आहे. तिचा घाव दिसत नाही, एवढंच.

नेमगोंडा वेशीवर गेला. मदतीला कुणी आलं नाही. बाभळीचे काटे त्यानं एकट्यानं ओढून बाजूला केले. हात रक्ताळले.

घरी येऊन त्यानं हात धुतले. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, तोंडावर रुमाल बांधला. लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो, तसा. त्रिशला येईल याची खात्री नव्हती. कदाचित दारही उघडणार नव्हती.

"आज न्हाय आली तर?" पूर्णिमानं विचारलं.

"उद्या परत जाईन."

त्यानं सायकल बाहेर काढली आणि कुणाशी काही न बोलता नाक्याच्या दिशेनं निघाला.